ऑक्टेन, कॉम्प्रेशन आणि इंजिनाची ताकद : साध्या गाडीत प्रीमियम पेट्रोल भरून काही हाती लागते का?

दादरचा_दुचाकीस्वार

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे दोनशे सीसीची, पाण्याने थंड होणारी, फ्युएल इंजेक्शनची मोटरसायकल आहे. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण ते लिहिले की पुढचे पन्नास प्रतिसाद कोणती कंपनी चांगली यावर खर्ची पडतात. पुस्तिकेप्रमाणे बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ४९ मिमी, कॉम्प्रेशन रेशो ११:१ आणि इंधन किमान ९१ ऑक्टेनचे शिसेविरहित पेट्रोल. आठवडाभर दादर ते बीकेसी असा प्रवास असतो आणि सुट्टीच्या दिवशी कसारा किंवा खंडाळ्याचा घाट.

ऑफिसातील मित्र आणि यूट्यूबवरील निम्मे तज्ज्ञ सांगतात की ९५ किंवा त्याहून वरच्या ऑक्टेनचे पेट्रोल भरले की पिकअप वाढतो. दुसरीकडे एका गॅरेजवाल्याने असे सुचवले आहे की हेड, म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण, अर्धा मिलिमीटर घासून घ्यावे, म्हणजे कॉम्प्रेशन वाढेल आणि गाडी ‘सुटेल’. या दोन्ही सल्ल्यांचा एकमेकांशी संबंध आहे एवढे कळते, पण तो नेमका कसा आहे हे कोणी नीट उलगडून सांगेल का? आणि माझ्यासारख्याने यातले काय करावे?

माटुंग्याचे_सर

प्रश्न नीट मांडल्याबद्दल आभार. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हाच विषय अनेक वर्षे शिकवला असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

कॉम्प्रेशन रेशो म्हणजे पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये असलेली एकूण जागा आणि पिस्टन माथ्यावर आल्यावर उरणारी जागा यांचे गुणोत्तर. तुमच्या इंजिनात पिस्टन १९९.५ घनसेंटिमीटर जागा व्यापत वर येतो आणि वर सुमारे २० घनसेंटिमीटर जागा शिल्लक राहते, म्हणून ११:१. हे गुणोत्तर जितके मोठे, तितका जळालेला वायू अधिक प्रसरण पावतो आणि इंधनाच्या उष्णतेपैकी अधिक भाग पिस्टनला मिळतो. ऑटो चक्राच्या, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या कामाच्या, आदर्श सूत्राने पाहिले तर ८:१ ला कार्यक्षमता सुमारे ५६ टक्के, १०:१ ला ६० टक्के आणि १२:१ ला ६३ टक्के येते. प्रत्यक्षात घर्षण आणि भिंतींतून निसटणारी उष्णता यांमुळे इतके कधीच मिळत नाही, चांगल्या पेट्रोल इंजिनात तिसऱ्या हिश्श्यापासून चाळीस टक्क्यांपर्यंत मिळते, पण दिशा तीच राहते. आकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्या : आठावरून दहावर जाताना जो लाभ होतो, तेवढा दहावरून बारावर जाताना होत नाही.

मग सगळेच उत्पादक वीसाला एक असे कॉम्प्रेशन का ठेवत नाहीत? कारण हवा दाबली की ती तापते. मुंबईच्या उन्हाळ्यात आत घेतलेले मिश्रण ११:१ ने दाबले की ठिणगी पडण्यापूर्वीच ते ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. ठिणगीनंतर ज्योत प्लगपासून कडेकडे सरकू लागते आणि वाढत्या दाबामुळे कोपऱ्यातील न जळलेले मिश्रण आणखी दाबले जाते, आणखी तापते. ज्योत तिथे पोहोचण्याआधीच ते आपोआप पेटले तर दाबाच्या लाटा सिलिंडरमध्ये आपटू लागतात. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक म्हणजे या आपोआप पेटण्याला त्या पेट्रोलचा असलेला विरोध. ऑक्टेनमधून ऊर्जा येत नाही, कारण एक लिटर ९१ आणि एक लिटर ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये उष्णता जवळजवळ सारखीच असते. मोठ्या मापाची चप्पल घातली म्हणून पाय वाढत नाही, तसेच हे आहे.

खिसा_रिकामा

प्रीमियम भरल्यावर गाडीचा वेग वाढतो की नाही हे मला ठाऊक नाही, परंतु पाकीट हलके झाल्याने गाडीवरील एकूण भार घटतो हे मी खात्रीने सांगू शकतो.

कुर्ला_गॅरेज

सरांचे म्हणणे शंभर टक्के पटते. मी काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर हात काळे केलेला माणूस आहे, त्यामुळे त्या बाजूने चार गोष्टी लिहितो.

आमच्या कुर्ल्यातच तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे कॉम्प्रेशन ७.८:१ होते आणि इंजिन १०८९ सीसीचे. तिला कोणतेही पेट्रोल चालत असे, असे लोक म्हणतात, पण ते अर्धसत्य आहे. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, हाताने लावायचे असल्यामुळे ती चालत असे. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प थोडा सैल करायचा, इंजिन गरम असताना बॉडी हलकेच फिरवत टायमिंग पुढे न्यायचे आणि मग टॅक्सी एखाद्या चढावर वरच्या गिअरमध्ये दाबून पाहायची. बारीक ‘टिणटिण’ ऐकू आली की केसभर मागे घ्यायचे आणि क्लॅम्प आवळायचा. भेसळीचे पेट्रोल पडले की तीच टॅक्सी दुसऱ्या दिवशी खडखडत दारात हजर होत असे. मग टायमिंग आणखी मागे जाई, टॅक्सी शांत होई, पण तिचा जोर जाई, सायलेन्सर तापे आणि ॲव्हरेजही पडे. चालक म्हणे, ‘उस्ताद, आवाज गेला पण गाडी बसली.’ हा जो व्यवहार आम्ही कानाने करत होतो, तोच आताच्या गाडीत कॉम्प्युटर करतो.

नॉकिंगने काय होते तेही सांगतो. हेड उतरवल्यावर पिस्टनच्या माथ्याची कड, विशेषतः एक्झॉस्टच्या बाजूची, सुईने टोचल्यासारखी खडबडीत झालेली दिसते. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरीच्या पुडीसारखे बारीक ठिपके असतात, आणि त्यातले काही चमकत असले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम असते. असा प्लग हातात आला की मी गिऱ्हाइकाला आधी खुर्ची देतो आणि मग खर्च सांगतो.

अंधेरीची_अनुया

सरांचा आणि कुर्ला गॅरेज यांचा प्रतिसाद आवडला, पण ‘ऑक्टेनमधून काहीच मिळत नाही’ असा निष्कर्ष कोणी काढू नये म्हणून लिहिते आहे.

माझी गाडी एक लिटरची, टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनची आहे. ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचण्याच्या सॉकेटला) छोटे यंत्र जोडून मी इग्निशन टायमिंगच्या नोंदी ठेवते, हा माझा व्यवसायजन्य दोष समजा. उन्हाळ्यात दुपारी घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत बराच वेळ उभे राहून नंतर ॲक्सिलरेटर दाबला, की साध्या पेट्रोलवर टायमिंग स्पष्टपणे मागे जाते आणि काही क्षण गाडी जड वाटते. ९५ ऑक्टेनवर तेच टायमिंग बरेच कमी मागे जाते. सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्यावर आणि हलक्या पायाने चालवताना मात्र दोन्ही पेट्रोलांच्या नोंदी एकमेकींवर ठेवल्या तरी फरक ओळखता येत नाही. म्हणजे लाभ आहे, पण तो ठरावीक परिस्थितीत आणि ठरावीक गाडीतच आहे.

माटुंग्याचे_सर

अनुयाताई, तुमचे निरीक्षण अगदी योग्य आहे आणि माझ्या विधानाला ते छेद देत नाही. नॉक सेन्सर हे इंजिनाच्या ब्लॉकला बोल्टने घट्ट बसवलेले पिझो जातीचे, म्हणजे कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे, यंत्र असते. नॉकिंगची कंपने साधारणपणे ६ ते ७ किलोहर्ट्झच्या आसपास असतात, ती टिपली गेली की कॉम्प्युटर ठिणगी काही अंश उशिरा पाडतो आणि मग धोका टळल्यावर हळूहळू पूर्वपदावर आणतो. ठिणगी उशिरा पडली की दाबाचा कळस योग्य वेळी येत नाही आणि ताकद घटते. तुमच्या गाडीत ९५ ऑक्टेनने नवी ताकद दिली नाही, तर कॉम्प्युटरने सुरक्षिततेसाठी काढून घेतलेली ताकद परत मिळाली.

टर्बोमुळे हे अधिक जाणवते. पुस्तिकेत १०:१ किंवा १०.५:१ असे लिहिलेले असले तरी टर्बो आधीच दाबलेली हवा सिलिंडरमध्ये कोंबतो, त्यामुळे खरा दाब कागदावरच्या आकड्यापेक्षा पुष्कळ वाढतो. धागाकर्त्यांच्या गाडीत मात्र टर्बो नाही. त्यांच्या मॉडेलमध्ये नॉक सेन्सर आहे की नाही हे त्यांनी पाहावे, कारण आपल्याकडील पुष्कळ दुचाकींत तो नसतो. सेन्सर नसलेल्या गाडीचा कॉम्प्युटर टाकीत कोणते पेट्रोल आहे हे ओळखूच शकत नाही, तो कारखान्यात ठरवून दिलेल्या तक्त्याप्रमाणेच ठिणगी पाडतो.

बोरिवली_एक्स्प्रेस

माझ्या माहितीप्रमाणे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल सावकाश जळते, म्हणूनच ते कमी कॉम्प्रेशनच्या गाडीत पूर्ण जळत नाही आणि कार्बन साठतो. हे कोणीच कसे लिहिले नाही?

माटुंग्याचे_सर

कोणी लिहिले नाही कारण ते तसे नाही. ज्योतीचा वेग प्रामुख्याने हवा-इंधनाचे प्रमाण, तापमान आणि सिलिंडरमधील खळबळ यांवर ठरतो. ऑक्टेन क्रमांक ज्योत किती वेगाने धावते हे सांगत नाही, ज्योत येण्यापूर्वी मिश्रण स्वतःहून किती लवकर पेटेल हे सांगतो. रेणूंची रचना हे त्याचे कारण आहे. सरळ साखळीचे हेप्टेन सहज तुटते आणि पेटते, म्हणून त्याला शून्य क्रमांक दिला, तर फांद्या असलेले आयसो-ऑक्टेन चिवट असते, म्हणून त्याला शंभर. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकेच नॉक करणारे पेट्रोल. त्यात आयसो-ऑक्टेन तेवढे असलेच पाहिजे असे मुळीच नाही.

गंमत अशी की हा क्रमांक मोजला जातो तोच कॉम्प्रेशन बदलून. चाचणीसाठी एकच सिलिंडर असलेले खास इंजिन असते, त्याचे कॉम्प्रेशन चालू स्थितीत ४:१ पासून १८:१ पर्यंत बदलता येते. ते मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवून रिसर्च ऑक्टेन मिळतो आणि ९०० फेऱ्यांवर, तापवलेले मिश्रण देऊन, मोटर ऑक्टेन. आपल्या पंपावर लिहिलेला आकडा रिसर्च पद्धतीचा असतो.

न्यूजर्सीकर_मूळचा_गिरगाव

म्हणूनच आमच्याकडे पंपावर ८७ लिहिलेले पाहून भारतातून आलेले पाहुणे नाक मुरडतात. इथे दोन्ही पद्धतींची सरासरी लिहितात, त्यामुळे इथले ८७ हे तिकडच्या ९१-९२ च्या तोडीचे असते.

इतिहासाचा_डबा

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. पहिल्या महायुद्धानंतरच्या गाड्यांचे कॉम्प्रेशन चार-पाचाच्या घरात अडकले होते, कारण त्या काळचे पेट्रोल त्याहून जास्त दाब सोसत नसे. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना आढळले की टेट्राएथिल लेडचा अत्यल्प अंश मिसळला तरी नॉकिंग थांबते. त्यानंतर कॉम्प्रेशन वाढत गेले आणि शिसे जगभर हवेत पसरत गेले. आपल्याकडे एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारे उपकरण) असलेल्या नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे हे २०२१ मध्ये बंद झाले.

दुसरे उदाहरण विमानांचे. ब्रिटनच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांतील मर्लिन इंजिनाचे कॉम्प्रेशन अवघे ६:१ होते, पण त्याला सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून आत कोंबणारा पंप, होता. १९४० मध्ये १०० ऑक्टेनचे इंधन मिळू लागल्यावर सुपरचार्जरचा दाब चौरस इंचाला ६ पौंडांवरून १२ पौंडांवर नेता आला आणि तेच इंजिन, कमी उंचीवर, सुमारे तीनशे अश्वशक्ती अधिक देऊ लागले. नुसते इंधन बदलून हे झाले नसते, इंधनाने परवानगी दिली आणि अभियंत्यांनी दाब वाढवून ती वसूल केली.

कुर्ला_गॅरेज

शिसे गेले तेव्हा जुन्या गाड्यांच्या व्हॉल्व्ह सीटचे (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडीचे) हाल झाले होते, कारण शिशाचा थर सीटचे झिजण्यापासून रक्षण करत असे. बऱ्याच हेडमध्ये कडक सीट बसवून घ्याव्या लागल्या. तो धंदा आम्हाला चांगला मिळाला, हे नाकारत नाही.

चेंबूरवासी

आम्ही माहुलच्या रिफायनऱ्यांच्या शेजारी राहतो, त्यामुळे ऑक्टेनचा वास आम्हाला न मागता मिळतो. तेवढ्यावर गाडी चालत नाही हे दुर्दैव.

विषयाकडे येतो. मी दर वेळी पंपावर घनतेचा आकडा पाहून पेट्रोल भरतो. घनता ठीक असेल तर ऑक्टेनही ठीक असणार, असे धरून चालावे ना?

माटुंग्याचे_सर

नाही. घनता पाहणे चांगलेच, त्यातून ढोबळ भेसळ कळू शकते, पण ऑक्टेन कळत नाही. एकाच घनतेच्या दोन पेट्रोलांचे ऑक्टेन क्रमांक वेगवेगळे असू शकतात. रॉकेलची भेसळ मात्र ऑक्टेनला फार मारक असते, कारण रॉकेलमधील लांब साखळ्या लवकर पेटतात. डिझेल इंजिनात नेमका हाच गुण हवा असतो, तिथे ठिणगीच नसते आणि इंधनाने दाबानेच पेटावे अशी अपेक्षा असते.

मुलुंड_मॉन्सून

इथेनॉलचा उल्लेख अजून कोणीच केला नाही याचे आश्चर्य वाटते. आता साध्या पेट्रोलमध्येच वीस टक्के इथेनॉल असते. पेट्रोलियम मंत्रालयाच्या २०२५ मधील खुलाशानुसार इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८.५, मूळ पेट्रोलचा ८४.४ आणि ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) मिश्रणाचा ९५. मग साधे पेट्रोलच ९५ चे झाले असेल तर ९५ च्या प्रीमियमला वेगळे पैसे का मोजायचे? आणि ऑक्टेन वाढूनही माझ्या जुन्या स्कूटरचे ॲव्हरेज कमी का झाले?

माटुंग्याचे_सर

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच या धाग्याचे सार आहे. इथेनॉल नॉकिंगला विरोध करते, शिवाय बाष्पीभवन होताना पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक उष्णता शोषून मिश्रण थंड करते. पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ई-२० च्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. वाढलेल्या ऑक्टेनचा उपयोग करून घ्यायला इंजिनाचे कॉम्प्रेशन किंवा टायमिंग त्याप्रमाणे वाढवलेले असावे लागते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातील अंदाज असा होता की ई-० (बिनइथेनॉल) साठी रचलेल्या आणि ई-१० (दहा टक्के इथेनॉल) ला जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, तशाच दुचाकींचे ३ ते ४ टक्क्यांनी, आणि ई-१० साठी रचून ई-२० ला जुळवलेल्या चारचाकींचे १ ते २ टक्क्यांनी. तुमची जुनी स्कूटर ऑक्टेन घेऊन करणार काय? तिचे कॉम्प्रेशन तेच, टायमिंग तेच, पोटात मात्र ऊर्जा कमी.

पहिल्या प्रश्नाविषयी एवढेच म्हणतो की ९५ च्या प्रीमियममध्ये इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणारी रसायने असतात, पण त्यांचा आणि ऑक्टेनचा संबंध नाही. पूर्वी पंपांवर मिळणारी बरीचशी नामांकित पेट्रोले ९१ ऑक्टेनचीच होती आणि जादा पैसे या रसायनांचेच होते.

मुलुंड_मॉन्सून

समजले. एक भर घालतो. आपल्याकडे पावसाळ्यात गाडी महिनाभर ताडपत्रीखाली उभी राहते आणि टाकीच्या झाकणातून पाणी झिरपते. प्रमाणाबाहेर पाणी शिरले की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते. गाडी आधी तळाचे ते पाणचट इथेनॉल ओढते आणि सुरूच होत नाही. ते काढून टाकले तरी वर जे उरते ते इथेनॉल गमावलेले, म्हणजे कमी ऑक्टेनचे पेट्रोल. त्यामुळे अशी गाडी नंतर नॉक करू लागली तर नवल नाही.

रिक्षावाला_इंजिनिअर

माझ्या सीएनजीवाल्या बांधवांची बाजूही मांडतो. मिथेनचा ऑक्टेन १२० च्या पुढे धरला जातो. मुंबईत एवढ्या टॅक्सी आणि रिक्षा सीएनजीवर धावतात, मग त्या सर्वांत दमदार असायला हव्यात. प्रत्यक्षात पेट्रोल गाडीला किट बसवले की जोर साधारण दहा टक्क्यांनी घटतो, कारण वायू सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवतो आणि कॉम्प्रेशन मात्र पेट्रोलच्या मापाचे दहाच राहते. १२० ऑक्टेनची लायकी असलेले इंधन दहाच्या कॉम्प्रेशनमध्ये फुकट जाते. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद असे मानणाऱ्याने भर दुपारी तीन प्रवासी घेऊन घाटकोपरच्या पुलावर रिक्षा चढवून दाखवावी.

खिसा_रिकामा

तिसरा प्रवासी मीच असतो. पुलाच्या मध्यावर चालक मागे वळून ज्या नजरेने पाहतो, ती मी ओळखतो.

अंधेरीची_अनुया

एक शंका. मारुती आणि टोयोटाच्या सध्याच्या दीड लिटरच्या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांचे कॉम्प्रेशन १४:१ आहे आणि त्या साध्या पेट्रोलवर चालतात. मग अकराला ९१ आणि चौदालाही ९१, हे कसे जमते?

माटुंग्याचे_सर

त्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. पिस्टन वर निघाला तरी काही काळ व्हॉल्व्ह उघडाच असतो, त्यामुळे आत घेतलेल्या मिश्रणाचा काही भाग परत बाहेर ढकलला जातो आणि प्रत्यक्षात दाबले जाणारे मिश्रण कमी राहते. दाबण्याचा प्रवास अशा रीतीने आखूड होतो, प्रसरणाचा मात्र पूर्ण चौदाचा मिळतो. ताकद थोडी कमी पडते, ती विजेची मोटर भरून काढते. माझदाने २०११ च्या सुमारास साध्या पेट्रोल इंजिनातच १४:१ आणले तेव्हा एक्झॉस्टच्या लांब नळ्या, पिस्टनच्या माथ्यावरील खळगा आणि थेट इंजेक्शन अशी अनेक कामे करून कोपऱ्यातील मिश्रण थंड ठेवले होते. निसानच्या एक्स-ट्रेलमधील इंजिन तर चालता चालता ८:१ ते १४:१ असे कॉम्प्रेशनच बदलते. म्हणून निव्वळ कॉम्प्रेशनचा आकडा पाहून कोणते पेट्रोल लागेल हे ठरवता येत नाही. ते काम गाडीच्या पुस्तिकेचे आहे.

दादरचा_दुचाकीस्वार

सर्वांचे मनापासून आभार. पुस्तिका आणि सुट्या भागांची यादी पाहिली, माझ्या गाडीत नॉक सेन्सर नाही. एक गोष्ट मूळ प्रश्नात लिहायची राहिली होती : कसारा घाटात मागे कोणी बसलेले असताना, चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडला की इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. गिअर उतरवला की तो जातो. गॅरेजवाल्याचे म्हणणे असे की कॉम्प्रेशन वाढवले की घाटात गिअर उतरवावाच लागणार नाही.

कुर्ला_गॅरेज

दादा, ज्या गाडीत आधीच नॉकिंग आहे तिचे हेड घासायला सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका, बाकी मी काही बोलत नाही. हिशेब सरांनी करावा.

माटुंग्याचे_सर

हिशेब सोपा आहे. ७२ मिमी बोअरचे क्षेत्रफळ सुमारे ४०.७ चौरस सेंटिमीटर. हेड अर्धा मिलिमीटर घासले की वरच्या जागेतून साधारण २ घनसेंटिमीटर कमी होतात, म्हणजे २० ऐवजी १८ उरतात आणि कॉम्प्रेशन ११ वरून १२.१ वर जाते. आदर्श सूत्राने कार्यक्षमता ६१.७ वरून ६३.१ टक्क्यांवर जाते, म्हणजे सापेक्ष वाढ सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. चोवीस अश्वशक्तीच्या इंजिनात ही वाढ फार तर अर्ध्या अश्वशक्तीची, आणि तीही टायमिंग मागे घ्यावे लागले नाही तरच. तुमच्याकडे सेन्सर नाही, म्हणजे टायमिंग मागे घेणारे कोणी नाही. नॉकिंग वाढेल आणि ते थेट पिस्टनच्या माथ्यावर जाईल.

कुर्ला_गॅरेज

शिवाय हेड खाली आल्यामुळे कॅमचे टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) किंचित मागे पडते, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांमधील अंतर घटते, आणि पुढे कधी मूळ मापावर यायचे म्हटले तर नवे हेडच घ्यावे लागते. घासलेले धातू परत चिकटवता येत नाही.

आता घाटातील आवाजाचे. कमी फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटल म्हणजे इंजिनाची सर्वांत वाईट कोंडी, कारण मिश्रण दाबाखाली जास्त वेळ राहते आणि त्याला पेटायला पुरेशी फुरसत मिळते. गिअर उतरवला की फेऱ्या वाढतात आणि ती फुरसत संपते, म्हणून आवाज जातो. गिअर उतरवण्यात कमीपणा मानू नये. पण नव्या गाडीत हा आवाज नव्हता आणि आता येत असेल, तर आत कार्बन साठला असण्याची शक्यता आहे. कार्बन जागा खातो, त्यामुळे कॉम्प्रेशन न मागता वाढते, आणि तो तापून राहतो हे वेगळेच. कूलंटची पातळी, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल, प्लगचा नंबर आणि एअर फिल्टर, या क्रमाने पाहा. कोणी चुकीच्या नंबरचा, जास्त गरम राहणारा प्लग घातला असेल तर मिश्रण ठिणगीपूर्वीच पेटते, आणि तो आजार नॉकिंगपेक्षाही घातक असतो.

बोरिवली_एक्स्प्रेस

मग घाटापुरते ९५ किंवा १०० चे पेट्रोल भरायला हरकत नाही ना? १०० चे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीत आले तेव्हा लिटरला १६० रुपये होते, त्या किमतीत घाटात स्वतः ढकलत नेणेही परवडेल.

माटुंग्याचे_सर

९५ ची एक टाकी भरून त्याच घाटात, त्याच गिअरमध्ये, तेवढ्याच ओझ्याने आवाज येतो का हे पाहणे ही चांगली आणि स्वस्त चाचणी आहे. मात्र घाटाच्या पायथ्याशी पाहा, माथ्याशी नको. वर हवा विरळ असल्याने सिलिंडरमध्ये मिश्रणच कमी भरते आणि ऑक्टेनची गरज आपोआप उतरते. महाबळेश्वरला तर ती हवा मुंबईपेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी विरळ आहे. आवाज थांबला तर इंजिनाची ऑक्टेनची भूक वाढली आहे असे समजावे आणि तिचे कारण, बहुधा कार्बन किंवा उष्णता, शोधून दूर करावे. ते झाले की पुस्तिकेत लिहिलेले पेट्रोल पुरते.

दादरचा_दुचाकीस्वार

हेड घासण्याचा बेत रद्द केला. काल प्लग काढून पाहिला : पुस्तिकेत दिलेल्या नंबरचा नाही, एक पायरी गरम आहे, आणि चिनीमातीवर काळे ठिपके आहेत, चमकणारे मात्र दिसले नाहीत. मागच्या सर्व्हिसिंगला तो बदलला गेला असावा. योग्य नंबरचा प्लग मागवला आहे. कुर्ला गॅरेज, कार्बन काढण्यासाठी हेड उतरवावेच लागेल का, की दुसरा मार्ग आहे?

कुर्ला_गॅरेज

आधी प्लग बदला आणि घाटात चालवून पाहा, निम्मे काम तिथेच होईल. आवाज राहिलाच तर इनटेकमधून फवारायचे कार्बन क्लीनर वापरून पाहू, आणि त्यानेही भागले नाही तरच हेड उतरवू. येताना गाडी रात्रभर थंड राहू द्या. कॉम्प्रेशन गेजने थंड आणि गरम अशी दोन्ही वेळा नोंद घेतो. आणि काढलेला जुना प्लग फेकू नका, सोबत आणा.